जूनच्या लागवडीत हायड्रोजेल: खड्ड्यात द्या, शेतभर फेकू नका

माण, खटाव, आटपाडी, सांगोल्याकडच्या मुरमाड रानात सीताफळ, पेरू, डाळिंब लावणाऱ्यांचा खरा घात होतो तो जुलै-ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात. रोपाची मुळे अजून वीतभरच असतात आणि मुरूम आठवड्यात कोरडा पडतो. हायड्रोजेल म्हणजे पाणी शोषून फुगणारे आणि ते मुळांजवळ धरून ठेवणारे दाणे. त्यांचा उपयोग नेमका या काळापुरता आहे.

हे दाणे अॅक्रिलिक आम्लाच्या सहबहुवारिकाचे (कोपॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे) असतात. त्याच्या साखळीवर आम्लाचे गट असतात आणि ते बहुतांशी पोटॅशने उदासीन केलेले असतात. पाणी मिळाले की या गटांवर ऋण भार येतो, साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि दाणा फुगतो. साखळ्यांमधल्या आडव्या जोडण्यांमुळे तो विरघळत मात्र नाही. शुद्ध पाण्यात तो स्वतःच्या वजनाच्या तीनशे-चारशे पट पाणी धरतो. पिशवीवर छापलेला आकडा याच शुद्ध पाण्याचा असतो.

बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम याच आम्ल गटांना धरून दोन साखळ्या एकत्र बांधतात, त्यामुळे दाणा आखडतो. म्हणून घेण्याआधी घरीच परीक्षा करा. 5 ग्रॅम दाणे 3 लिटर पावसाच्या पाण्यात आणि 5 ग्रॅम तेवढ्याच बोअरच्या पाण्यात दोन तास ठेवा, फडक्यातून गाळा, दहा मिनिटे निथळू द्या आणि वजन करा. पावसाच्या पाण्यात दीड ते दोन किलो जेल मिळायला हवे. बोअरच्या पाण्यात वजन निम्म्याहून खाली आले, तर उन्हाळी लागवडीत यावर भिस्त ठेवू नका. जूनच्या लागवडीत दाणे पहिल्यांदा पावसाच्या मऊ पाण्यानेच फुगतात, हा मोठा फायदा.

दोन फुटी खड्ड्याला 30 ते 50 ग्रॅम पुरे. सिंगल सुपर फॉस्फेट आणि कुजलेले शेणखत तळच्या एक फुटात मातीत मिसळून टाका. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असते आणि त्यातले कॅल्शियम जेलला निकामी करते. दोन्ही एकाच थरात कालवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. दाणे घमेलाभर कोरड्या चाळलेल्या मातीत आधी मिसळा, मग ती माती वरच्या फुटाच्या भरणीत सारखी पसरून कालवा. हात आणि घमेले कोरडे हवे, नाहीतर गठ्ठे होतात. पृष्ठभागावर दाणे राहू देऊ नका. उन्हाने ते लवकर खराब होतात आणि ओले झाले की निसरडे होतात.

जास्त टाकले तर जास्त फायदा, असे नाही. 100 ग्रॅम टाकलेल्या खड्ड्यात भरणी फुगून रोप वर उचलले जाते आणि मुळाशी पोकळी राहते. योग्य मात्रेतही पहिल्या दोन पावसांनंतर बुंध्याभोवतीची माती पायाने दाबून घ्या.

मिरची, टोमॅटोच्या पुनर्लागवडीसाठी लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम दाणे मिसळून अर्धा तास ठेवा आणि त्या पातळ लगद्यात रोपाची मुळे बुडवून लावा.

शेतभर पेरण्याचा हिशेब मात्र पटत नाही. एकरी 2 किलो दाण्यांनी तीनशे पट पाणी धरले तरी 600 लिटर होते, म्हणजे एकरभर जेमतेम 0.15 मिलिमीटर. पीक दिवसाला 4-5 मिलिमीटर पाणी पिते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा हायड्रोजेलची शिफारस एकरी 1 ते 2 किलो आहे. एवढीशी मात्रा बियाण्याच्या ओळीत, कोरड्या मातीसोबत पडली तरच उगवणीला हातभार लावते. भारी काळ्या जमिनीत तर ती माती स्वतःच पाणी धरते. तिथे हा खर्च नको.

ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट सोडायचे असेल, तर पहिले दोन-तीन महिने शक्यतो फवारणीतून द्या. ठिबक धुण्याचे आम्ल लॅटरलची (ओळीतल्या ठिबक नळ्यांची) टोके उघडून बाहेर काढा, खड्ड्यात पडू देऊ नका. आम्लाने गटांवरचा भार जातो आणि जेल पाणी सोडून आकसते. आणि डायपरमधले जेल काढून वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते सोडियमचे असते, चोपण जमिनीत आणखी सोडियम घालणे परवडणार नाही. खरेदी करताना पिशवीवर पोटॅशियम लिहिले आहे का ते पाहा, आणि उरलेले दाणे हवाबंद डब्यात ठेवा.