चढावरून कोन काढायचा, आणि मायनस आला तर काय

भाचा अकरावीत आहे, इथेच इंदूरला, हिंदी मीडियम. परवा आला नि म्हणाला, मामा, रेषेची ढाल मायनस दोन आलीये, कोन काढून दे. आता आपल्याकडे ढाल म्हटलं की तलवार आठवते, मला कळायला जरा वेळच लागला की हा चढ म्हणतोय, स्लोप!

तर चढ म्हणजे उंचीतला फरक भागिले आडवा फरक, आणि तोच टॅन थीटा, बस. थीटा म्हणजे एक्स अक्षाच्या उजव्या बाजूपासून घड्याळाच्या उलट फिरत रेषेपर्यंत मोजलेला कोन, तो शून्यापासून सुरू होतो आणि १८० च्या आतच राहतो.

चढ प्लस असेल तर काहीच नाही, कॅल्क्युलेटरवर शिफ्ट, टॅन, आकडा. आमच्या ओट्याला स्कूटर चढवायचा रॅम्प आहे, एक फूट उंच आणि जमिनीवर चार फूट (फळीवर टेप लावू नका, मग ते टॅन नाही, साइन होतं), म्हणजे चढ ०.२५, कोन १४ अंशांच्या आसपास. उत्तर ०.२४ वगैरे काहीतरी आलं तर मशीन रेडियनवर आहे, डिग्रीवर करा, यात माझे स्वतःचे बरेच मार्क गेलेत.

गोची मायनसला आहे. भाच्याचे बिंदू होते (२, ५) आणि (५, −१), वायमधला फरक −६, एक्समधला ३, चढ −२. कॅल्क्युलेटर म्हणतो −६३.४३, आणि पोरं तेच लिहून मोकळी होतात. पण ती रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरतेय, म्हणजे आपल्या मोजणीने तिचा कोन ९० च्या वरच असणार ना, म्हणून १८० मिळवायचे, ११६.५७. मी तर म्हणतो आधी कच्चं चित्र काढा, मग बटण दाबा, चूक तिथल्या तिथे दिसते.

परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो म्हणून तिथे ओळखीचेच आकडे येतात: १ ला ४५, रूट तीनला ६०, एक भागिले रूट तीनला ३०, आणि हेच मायनसमध्ये आले की १३५, १२०, १५०. आडव्या रेषेला शून्य. उभ्या रेषेत एक्समधला फरकच शून्य, भागाकार होत नाही, चढ नाहीच, पण कोन आहे, सरळ ९० लिहा.

भाच्याचं पुढचं, चढ दोनचा चार झाला तर कोन पण डबल का? नाही रे बाबा, ६३.४३ चा फक्त ७५.९६ होतो.