पहिल्यांदा जीएम होताय? या चुका टाळा

टेबलटॉप आरपीजीमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, जीएमचं (गेम मास्टर, म्हणजे गेम चालवणाऱ्याचं) काम म्हणजे गोष्ट सांगणं असं बरेच जण धरून चालतात आणि निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात. गोष्ट टेबलावरचे सगळे मिळून घडवतात. जीएमने परिस्थिती द्यायची, म्हणजे कोण कुठे आहे, कोणाला काय हवंय आणि प्लेअर्स मध्ये पडलेच नाहीत तर काय होणार. पुढे काय होईल ते प्लेअर्स काय करतात त्यावर. हे डोक्यात पक्कं नसेल तर सगळे रुल्स पाठ असूनही खालच्या चुका होतातच.

शेवट आधीच ठरवून बसणं

तुम्ही प्लॅन केलाय की प्लेअर्स सरदाराला भेटणार, सरदार दगा देणार, ते कैदेत पडणार आणि मग पळणार. सेशन सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोवर एक जण म्हणतो, मला हा सरदार काही पटत नाही, आधी त्याच्या नोकराला गाठून माहिती काढू. मग काय, नोकर अचानक मुका निघतो, वाड्याचं दार बंद होतं, कुठूनतरी वीस शिपाई उगवतात. यालाच रेलरोडिंग म्हणतात आणि प्लेअर्सना ते लगेच कळतं. एकदा कळलं की ते डोकं चालवणं सोडून देतात, तुम्ही न्याल तिकडे निमूट येतात, आणि मग जीएमच म्हणत बसतो की माझे प्लेअर्स पुढाकारच घेत नाहीत.

सीन लिहिण्यापेक्षा माणसं लिहा. सरदाराला कर्ज फेडायचंय म्हणून तो दगा देणार आहे, नोकराला आपली मुलगी वाड्याबाहेर काढायचीये, शिपायांच्या नाईकाला तीन महिने पगार मिळालेला नाही. बास, एवढ्यावर प्लेअर्स कुठूनही घुसले तरी तुम्हाला पुढचं सुचतं, कारण प्रत्येकाला काय हवंय ते तुम्हाला माहितीये. दगा झालाच नाही तर नाही झाला, त्या जागी जे होईल ते बहुतेक वेळा जास्त भारी असतं.

एका रोलवर सगळी गोष्ट टांगून ठेवणं

रहस्याच्या गेममध्ये ही चूक हमखास होते. व्यापाऱ्याचा खून झालाय, खुनी कोण हे सांगणारं पत्र चोरकप्प्यात आहे, शोधायला रोल केला (म्हणजे डाइस, फासा टाकला) आणि पडला नुसता 4. झालं, पत्र सापडत नाही, पुढे जायला रस्ता नाही आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. गेम डिझायनर रॉबिन लॉज यांनी गमशू सिस्टीम (सिस्टीम म्हणजे गेमच्या रुल्सचा संच) याच प्रॉब्लेमवर बनवली, त्यात गोष्ट पुढे न्यायला लागणारा मुख्य पुरावा रोलशिवायच मिळतो, योग्य स्किल असलेलं कॅरेक्टर योग्य जागी शोधतंय एवढं पुरे. सिस्टीम बदलायची नसेल तर जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन पुराव्यांचा नियम वापरा, जो निष्कर्ष प्लेअर्सनी काढायलाच हवा त्याच्यासाठी किमान तीन पुरावे ठेवायचे. इथे पत्र आहे, खुन्याच्या बुटाला लागलेला चुना आहे आणि शेजारणीने रात्री ऐकलेलं भांडण आहे. पत्र हुकलं तरी दोन रस्ते उघडे राहतात. तीन म्हणजे खूप झाले असं लिहिताना वाटतं, पण प्लेअर्स एक बघतच नाहीत आणि दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, म्हणून तीन.

उठसूट रोल मागणं

डाइस हातात घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, हा रोल फसला तर काय होईल? उत्तर "काहीच नाही" असेल तर रोल नको, सरळ जमलं म्हणून सांगा. कुलूप उघडायचंय, वेळ भरपूर आहे, कोणी येणार नाहीये, तर उघडलं, पुढे चला. पहारेकरी जिन्यावरून खाली येत असेल तर मात्र रोल हवाच, आणि फसला तर "उघडलं नाही" एवढ्यावर थांबू नका, कुलूप उघडलं पण कडी खणकन वाजली आणि जिन्यावरचे पाय थांबले असं सांगितलंत की सगळं टेबल पुढे सरकून बसतं.

यात गणितही आहे जे बरेच जीएम करत नाहीत. समजा डी20 वर (वीस बाजूंच्या डाइसवर) 7 किंवा जास्त पडलं की लपून जाणं जमतं, म्हणजे एकाला 70 टक्के चान्स. पण चौघांनाही रोल करायला लावलं आणि एक चुकला तरी सगळे पकडले गेले असं धरलं तर सगळे सुटायचा चान्स उरतो फक्त 24 टक्के. वर दर खोलीत परत रोल मागितलात तर ते पकडले जाणारच, आणि मग प्लेअर्स म्हणतात की या गेममध्ये लपून जाण्यात अर्थ नाही, डायरेक्ट तलवारी काढू. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या 2014 च्या पाचव्या एडिशनमध्ये यासाठी ग्रुप चेक आहे, निम्मे किंवा जास्त जण पास झाले की सगळा ग्रुप पास. तेच चौघं, तोच डाइस, पण चान्स होतो जवळपास 92 टक्के. एकदा रोल झाला की तो पूर्ण प्रसंगाला लागू, परत परत मागायचा नाही.

आणि रोलच्या आधी "तुला यातून नक्की काय मिळवायचंय?" हे विचारायची सवय लावा. प्लेअर म्हणतो मी झुंबराची दोरी कापतो, तुम्हाला वाटतं त्याला शत्रूवर झुंबर पाडायचंय, त्याला हवा असतो अंधार. बरीच भांडणं या एका प्रश्नाने मिटतात.

एकटा बॉस उभा करणं

पाच जणांसमोर एक मोठा मॉन्स्टर ठेवला की तो एकदा मारतो तोवर पाच जण मारून मोकळे होतात, त्याला कितीही हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) द्या. पाचव्या एडिशनमध्ये काही मोठ्या मॉन्स्टर्सना दुसऱ्यांच्या टर्ननंतर लेजेंडरी अॅक्शन, म्हणजे जादा चाली, घेता येतात ते यासाठीच. नाहीतर सोबत चार-सहा हलके साथीदार द्या आणि मारामारीत मारण्याशिवाय दुसरं काम ठेवा, पूल कोसळायच्या आत कैद्यांना पलीकडे न्यायचंय वगैरे.

लाडका एनपीसी (जीएम चालवतो ते कॅरेक्टर) पार्टीबरोबर, म्हणजे प्लेअर्सच्या कॅरेक्टर्सबरोबर, फिरवून त्यालाच शेवटचा घाव घालायला लावू नका. प्लेअर्स प्रेक्षक बनायला आलेले नाहीत.

रुलवरून वाद झाला तर दोन मिनिटांत निर्णय द्या, गेम चालू ठेवा आणि पुस्तक सेशननंतर उघडा.

माणसांचे प्रश्न गेमच्या आत सोडवणं

एक प्लेअर सगळ्यांना तोडून बोलतो, तर त्याच्या कॅरेक्टरवर वीज पाडून काही होत नाही. उलट बाकीच्यांना वाटतं जीएम सूड घेतोय. त्याच्याशी बाजूला नीट बोला. गप्प बसणाऱ्याला "तू काय करतोयस?" एवढंच विचारू नका, तो अजून आक्रसतो, त्यापेक्षा "दारामागून कोणीतरी तुझं नाव घेऊन हाक मारतंय, उघडतोस का?" असं काहीतरी ठोस द्या.

कॅम्पेनच्या (बरीच सेशन्स चालणाऱ्या गेमच्या) आधी सेशन झीरो, म्हणजे नुसतं बोलून ठरवायचं सेशन, घ्याच. गेम किती गंभीर, कॅरेक्टर मेलं तर चालेल का, कोणते विषय टेबलावर अजिबात नकोत, हे आधीच बोलून घ्या. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्डही टेबलावर ठेवा, कोणाला एखादा प्रसंग नको झाला तर त्याने कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, तो भाग तिथेच वगळून पुढे जायचं. हॉरर गेममध्ये तर मी हे सोडूच नका म्हणेन, कारण लोकांना बिनधास्त घाबरता येतं ते थांबायची सोय आहे हे माहीत असल्यामुळेच.

तयारीचा वेळ वाचवायचा असेल तर सेशन संपताना सगळे उठायच्या आत विचारून घ्या, पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार? ते खाणीत जाणार म्हणाले तर फक्त खाण तयार करा, राजधानी राहू द्या.