आमवाताचे रिपोर्ट चांगले आले, तरी दुखणे का थांबत नाही? या चुका टाळा

ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आटोक्यात आले, सूज उतरली, तरी दुखणे मात्र कायम, ही आमवाताच्या म्हणजेच रुमेटॉइड आर्थरायटिसच्या अनेक रुग्णांची तक्रार असते. अशा वेळी होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: सगळे दुखणे एकाच कारणाचे आहे, असे धरून चालणे.

प्रत्यक्षात हे दुखणे तीन प्रकारचे असू शकते. सांध्याच्या अस्तराला दाह झाला असेल तर सकाळी बोटे अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ आखडलेली राहतात, मूठ वळत नाही आणि बोटाच्या मुळाशी दाबल्यास सांधा मऊ, फुगलेला लागतो. जुन्या आजाराने सांधा झिजला असेल तर दुखणे वापराबरोबर वाढते. ठाणे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यात कळ येते आणि थोडे बसल्यावर ती ओसरते. तिसरा प्रकार सर्वात दुर्लक्षित आहे. दीर्घकाळ वेदना सोसल्यावर मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून दाखवू लागतात. मग मान, खांदे, पाठ, मांड्या असे सगळेच अंग ठणकते, झोपूनही थकवा जात नाही आणि साध्या स्पर्शानेही दुखते. घरचे याला ‘मनाचे खेळ’ म्हणतात, तेव्हा ते रुग्णावर अन्याय करतात, कारण ही वेदना पूर्णपणे खरी असते. फक्त तिचा उगम त्या क्षणी सांध्यात नसतो.

हा फरक उपचारासाठीही महत्त्वाचा आहे. आजाराची तीव्रता मोजण्याच्या ‘डास-२८’ या पद्धतीत २८ सांधे तपासतात आणि त्यात सुजेबरोबरच दाबल्यावर होणारे दुखणे व रुग्णाने स्वतः सांगितलेली तब्येतही धरतात. त्यामुळे दाह नसतानाही हा आकडा चढू शकतो आणि गरज नसताना औषध वाढवले जाण्याची शक्यता असते. शंका असल्यास सांध्यांची सोनोग्राफी करून दाह उरला आहे का, हे पाहता येते.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. दुखते म्हणून ते रोज घेणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. त्याने तोंड येते आणि रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात. त्याचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे महिन्याभरात ‘लागू पडले नाही’ म्हणून परस्पर बंद करणेही तितकेच चुकीचे आहे. केमिस्टकडून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात, तर स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. आरए फॅक्टर (आमवाताच्या निदानासाठी करतात ती रक्ततपासणी) वारंवार तपासून आजार कमी झाला की नाही, हे कळत नाही. ते पैसे वाचवावेत. युरिक ॲसिडच्या भीतीने डाळी आणि टोमॅटो सोडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट हा वेगळाच आजार आहे.

दुखते म्हणून पूर्ण विश्रांती घेतल्यास स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. उलट रविवारी जरा बरे वाटले म्हणून आठवड्याचे कपडे, कणीक आणि माळ्याची सफाई एकाच दिवशी उरकली, की सोमवारी वाशीची लोकल पकडणे अशक्य होते. कामे विभागून करावीत आणि उपवन किंवा मासुंदा तलावाकाठी रोज झेपेल तेवढे चालून अंतर हळूहळू वाढवावे. डॉक्टरांकडे जाताना नुसते ‘खूप दुखते’ म्हणण्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळचा आखडलेपणा किती मिनिटे टिकला, झोप कशी झाली आणि कोणता सांधा सुजला, एवढे टिपून ठेवावे; पाच मिनिटांच्या तपासणीत या नोंदीच सर्वाधिक उपयोगी पडतात.

मात्र एखादाच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, किंवा मानेच्या दुखण्यासोबत हातापायांत मुंग्या येऊन शक्ती कमी वाटू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.