पाचगणीचं ढग-ऊन कॅमेऱ्यात धरायचं तर

महाबळेश्वर ते पाचगणी हे अंतर रस्त्याने जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटर. पण पावसाळ्यात फोटो काढणाऱ्याला हे दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेकडून आलेले ढग महाबळेश्वरच्या डोंगरावर अडतात आणि बराचसा पाऊस तिथेच ओततात. जुलैत तिथे कित्येक दिवस पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर, त्या डोंगराच्या आडोशाला. इथवर येईतो ढग फाटलेले असतात, मधूनच ऊन पडतं, आणि खाली वाईत तर पुष्कळदा रस्ते कोरडे असतात. ढगाच्या काठावर बसलेलं हे गाव आहे. काठ कुठून येतो आणि कधी सरकतो हे कळलं की फोटोचं निम्मं काम झालं.

आधी जागा ठरवा, आणि दोनच ठरवा. दर वेळी नवा पॉइंट शोधत फिरण्यात उजेड निघून जातो. एक जागा कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड करणारी, म्हणजे सिडनी पॉइंट किंवा पारशी पॉइंट. समोर धोम धरणाचं पाणी, डावीकडे कमळगड किल्ला, उजवीकडे पांडवगड किल्ला. दुसरी टेबललँडची, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराची, पूर्वेकडची कड. दोन्हीकडे चौकटीत एक न हलणारी खूण घ्या, उदाहरणार्थ कमळगडाचा माथा डाव्या तिसऱ्या भागात. ट्रायपॉडची उंची आणि लेन्सची लांबी वहीत लिहून ठेवा. दर दहा दिवसांनी तीच चौकट घेतली तर वर्षाला छत्तीस फोटो होतात, आणि शेजारी शेजारी लावले की वैशाखातला करपलेला डोंगर श्रावणात कसा पालटतो ते दिसतं. त्यासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. ५,२०० केल्विनच्या आसपास पक्का करा, नाहीतर पहाटेचा निळेपणा कॅमेरा स्वतःच पुसून टाकतो.

कृष्णेचं खोरं उत्तरेला आहे, हे फार कामाचं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो. डिसेंबरात तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, म्हणून सकाळी उजवीकडून आणि संध्याकाळी डावीकडून तिरका उजेड पडतो आणि डोंगराच्या सोंडा उठून दिसतात. दुपारी ऊन पाठीवर, चित्र सपाट. त्या वेळी चहा प्या. याच कारणाने सकाळी उत्तरेच्या आकाशावर पोलरायझर (आकाश गडद करणारी, लेन्सवर फिरवायची काच) सर्वांत चांगला चालतो, कारण सूर्य काटकोनात असतो. जूनमध्ये मावळतं बिंब पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला, कमळगडाच्या अंगाला सरकतं. वळवानंतर आकाश धुऊन निघालेल्या एखाद्या संध्याकाळी मग सूर्याकडे तोंड करून डोंगराच्या काळ्या कडा घेता येतात.

धुकं दोन प्रकारचं, आणि दोन्हींची रीत निराळी.

थंडीतलं धुकं खाली असतं आणि तुम्ही वर. नोव्हेंबर ते जानेवारी, निरभ्र रात्र आणि पडलेला वारा असेल तर धोमच्या पाण्यावर आणि वाईच्या शेतांवर पांढरी गादी साचते. जागेवर उजाडायच्या अर्धा तास आधी पोचा. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याआधी धुक्याखालून वाईचे दिवे पिवळट पाझरतात. त्यासाठी एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), आयएसओ २०० (उजेडाची संवेदनक्षमता) आणि चार ते आठ सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ) इथपासून सुरुवात करा. ऊन लागलं की धुकं उठतं, आणि विरण्याआधीच्या अर्ध्या तासात सगळ्यांत सुंदर आकार देतं. इथे वाइड लेन्सचा मोह टाळा. १६ मिलिमीटरवर पांडवगड मुंगीएवढा होतो. ७० ते २०० मिलिमीटर लावा आणि धुक्यातून वर आलेल्या दोन-तीन सोंडा एवढंच घ्या.

पावसाळ्यातलं धुकं म्हणजे ढगच, आणि तुम्ही त्याच्या पोटात. इथे उघडीप हेरायची. सिल्व्हर ओकची पानं बघत राहा. वरून हिरवी, खालून रुपेरी. पश्चिमेचा झोत आला की झाड एकदम पांढरं पडतं, आणि पाठोपाठ ढग येतो. झोत मंदावला, पायाखालची जमीन उजळली, की खोरं पाच-दहा मिनिटं उघडण्याची शक्यता असते. कॅमेरा तेव्हा ट्रायपॉडवर तयार हवा, पिशवीत नको.

धुक्यात दोन चुका हटकून होतात. पहिली एक्स्पोजरची. कॅमेरा सगळं करडं धरून चालतो, म्हणून पांढरं धुकं राखेसारखं येतं. एक्स्पोजर ०.७ ते १.३ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर धुक्यावर बोट टेकवून सूर्याची खूण वर सरकवा. उलट धुक्याच्या गादीवर थेट ऊन पडलं असेल तर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहा आणि तो उजव्या भिंतीला लागला तर ०.७ स्टॉप खाली या. एकदा पांढरं फक्क झालेलं धुकं रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येही) परत मिळत नाही. दुसरी चूक फोकसची. पकडायला कडा नसली की लेन्स पुढेमागे घरघरत राहते. साधारण तेवढ्याच अंतरावरच्या खोडावर किंवा जांभ्याच्या कपारीवर फोकस घ्या आणि लगेच मॅन्युअलवर टाका. नंतर संगणकावर डीहेझ, म्हणजे धूसरपणा काढणारं साधन, जपून वापरा. धुकंच उपसून टाकलं तर काळवंडलेल्या डोंगरांना पांढरी किनार तेवढी उरते.

ऑगस्टातल्या ऊन-पावसात इंद्रधनुष्य हवं असेल तर थोडं गणित करा. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली असल्याशिवाय सपाटीवरून ते दिसत नाही. म्हणजे दुपारी सव्वाचारच्या पुढे टेबललँडवर पश्चिमेकडे पाठ करून उभं राहा. आपल्या सावलीचं डोकं जिकडे, तिकडे कमानीचा मध्य. अख्खी कमान ८४ अंश रुंद, तिला फुल फ्रेमवर (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २० मिलिमीटरपेक्षा लांब लेन्स पुरत नाही, मोबाइलवर ०.५ची लेन्स घ्या. पोलरायझर सावकाश फिरवा. एका कोनात रंग गडद होतात, दुसऱ्यात इंद्रधनुष्य अक्षरशः नाहीसं होतं. आणि सकाळी पाठीशी ऊन, समोर दरीत ढग असा योग आला तर खाली आपल्या सावलीभोवती रंगीत कडं दिसू शकतं. तेच इंद्रवज्र.

परतीच्या पावसातल्या विजांचा मोह मोठा. पण टेबललँड सपाट आणि उघडं आहे, तिथे सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळं सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. फोटो इमारतीतूनच काढा, अंधार पडल्यावर, एफ/८, आयएसओ १००, दहा ते वीस सेकंद, एकामागून एक.

आता सामानाचं, कारण पाचगणीच्या पावसाळ्यात लेन्स पावसाने कमी आणि दमटपणाने जास्त जातात. वारा पश्चिमेचा असतो, त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात तर काच कोरडी राहते. कॅमेऱ्यावर दुधाच्या पिशवीपेक्षा जाड प्लास्टिक, हूडला (लेन्सच्या पुढच्या कड्याला) रबराने आवळलेलं. काचेवर थेंब पडला तर शर्टाने पुसू नका. जांभ्याची लाल माती कापडात असते आणि ती कोटिंगवर बारीक ओरखडे काढते. आधी ब्लोअर (हवा फुंकायचा रबरी फुगा), मग धुतलेलं मऊ मलमल.

बाहेरच्या गारव्यातून उबदार खोलीत आल्यावर पिशवी लगेच उघडू नका, वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या. नाहीतर थंड काचेवर वाफ धरते, आणि ती आतल्या भिंगांवर बसली तर पुढे बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधीच ठेवू नये, चामडंच आधी बुरसतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि जमलं तर छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की जुन्या तव्यावर मंद आचेवर रंग परत येईपर्यंत परता. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला नको. दाणे पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा. तांदूळ घालण्याची पद्धत सोडून द्या. त्याची पिठी लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

आणि कडेपासून चार पावलं आत. जून ते सप्टेंबर जांभ्यावर हिरवं-काळं शेवाळ असतं, ओल्यावर ते तेलासारखं निसरडं, आणि धुक्यात कड कुठे संपते ते कळत नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पाऊल उचलू नका. जागा बदलायची तर कॅमेरा खाली घ्या, जमीन बघा, मग चाला.