बर्फातल्या हरणांना मका घालण्याआधी: या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन, न्यू हॅम्पशायर या पट्ट्यात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे मला हमखास एक प्रश्न विचारतात. परसात गुडघाभर बर्फ साचले आहे आणि बरगड्या दिसणारे हरीण रोज कुंपणाशी येऊन उभे राहते. त्याला काय घालावे? दारी आलेल्या मुक्या जीवाला विन्मुख पाठवू नये, ही शिकवण अंगात मुरलेली असल्यामुळे हा प्रश्न साहजिकच आहे. मीही पहिल्याच हिवाळ्यात मक्याचे पोते आणून बर्फावर रिकामे केले होते, आणि त्या वेळी काही विपरीत घडले नाही याचे श्रेय माझ्या शहाणपणाला मुळीच नव्हते.

मका म्हणजे पौष्टिक, हा समज

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ज्यांच्या घरी गावाकडे गुरे असतील त्यांना ती लगेच कळेल. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात एखाद्या गाईने भरपूर खाल्ला किंवा शेळी धान्याच्या पोत्यात तोंड घालून बसली की काय होते, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पोट फुगते, जनावर रवंथ करणे थांबवते, आडवे पडते आणि वेळीच उपचार न झाल्यास मरते. हरीणही रवंथ करणारेच जनावर आहे. त्याच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि खाल्लेले अन्न पचवण्याचे काम तेच करतात. उन्हाळ्यात कोवळी पाने, शरद ऋतूत ओकची फळे आणि हिवाळ्यात काष्ठमय डहाळ्या, असा आहार जसजसा बदलतो तसतशी या सूक्ष्मजीवांची जातवारीही बदलत जाते. मात्र त्या बदलाला काही आठवडे लागतात. ऐन फेब्रुवारीत डहाळ्यांवर जगणाऱ्या हरणासमोर अचानक मक्याचा ढीग पडला, तर पिष्ट पदार्थांवर वाढणारे जिवाणू बेसुमार फोफावतात, लॅक्टिक आम्ल साचते, कोटीपोटाचे अस्तर पोळते आणि एक ते तीन दिवसांत जनावर दगावू शकते. एरवी धडधाकट असलेले हरीणही यातून सुटत नाही.

न्यू हॅम्पशायरमधील साउथ हॅम्पटन या गावात मार्च २०१५ मध्ये १२ हरणे मेलेली आढळली. तपासणीअंती कारण निघाले ते माणसांनी दयेपोटी घातलेले पिष्टमय खाद्य.

मका नको तर वाळलेले गवत घालू, असे म्हणून घोड्यांसाठीच्या गवताचे गठ्ठे आणणारेही पुष्कळ आहेत. त्यातील जाड तंतू पचवणारे सूक्ष्मजीव या काळात हरणाच्या पोटात पुरेसे नसतात, त्यामुळे ते गवत नुसते पोटात बसून राहते. पोट गच्च भरलेले आणि तरीही उपासमारीने मेलेले हरीण हे विचित्र दृश्य वन्यजीव खात्यांतील लोकांना अपरिचित नाही.

बारीक दिसणे म्हणजे उपासमार, हा निष्कर्ष

व्हाइट-टेल, म्हणजे या पट्ट्यात परसात येणारे पांढऱ्या शेपटीचे हरीण, हिवाळ्यात बारीक होतेच. ती त्याची रीत आहे. शरद ऋतूत ते चरबी साठवते, पोकळ केसांचे दाट आवरण अंगावर चढवते, पुढे हालचाल कमी करते आणि भूकही आवरती घेते. बंदिस्त जागेत हवे तितके खाद्य समोर असतानाही हरणे हिवाळ्यात कमी खातात. वजनाचा पाचवा हिस्सा घटूनही निरोगी प्रौढ मादी वसंतात सावरते. घट साधारण तीस टक्क्यांवर पोहोचली की मात्र परतीची वाट उरत नाही.

म्हणूनच कोणता हिवाळा खरोखर मारक आहे हे डोळ्यांनी ठरवू नये. मिनेसोटात त्यासाठी साधा हिशेब ठेवतात. १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात ज्या दिवशी तापमान शून्य फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे १८ सेल्सियस किंवा त्याहून खाली गेले, त्या दिवसाचा एक गुण; ज्या दिवशी बर्फाची जाडी १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर किंवा अधिक होती, त्या दिवसाचा आणखी एक गुण. अखेरीस बेरीज १०० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य आणि १८० च्या वर गेली तर कडक. थंडीपेक्षा खोल बर्फ अधिक घातक ठरते, कारण पोटापर्यंत रुतणाऱ्या बर्फात प्रत्येक पाऊल चरबी जाळते. मरतूकही जानेवारीत नव्हे, तर बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, साठा संपल्यावर होते, आणि आधी जातात ती पाडसे. त्यांचे पाय आखूड असतात आणि चरबी तुटपुंजी असते.

मेलेले हरीण उपासमारीनेच मेले का, हे तपासण्याची जीवशास्त्रज्ञांची एक जुनी पद्धत आहे. मांडीचे हाड फोडून आतली मज्जा पाहतात. ती पांढरी, घट्ट, मेणासारखी असेल तर शरीरात अजून साठा होता. लाल, पातळ, मुरंब्यासारखी थलथलीत असेल तर जनावराने शेवटची चरबीही वापरून टाकली होती. मज्जेतली चरबी सर्वांत शेवटी संपते. हे काम घरच्या घरी करून पाहण्याचे मात्र नाही.

एका जागी ढीग घालणे

ढिगाभोवती जमलेल्या हरणांत मानपान कडक असतो. मोठी मादी पुढचे पाय झाडून पाडसाला हुसकावते, म्हणजे ज्याच्यासाठी आपण चारा घातला तेच उपाशी उभे राहते. वर, खाद्याच्या ओढीने कळप सूचिपर्णी झाडीतला निवारा सोडून वस्तीकडे येतो आणि वाटेत रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतो.

रोगांची बाब याहून गंभीर आहे. कोलोरॅडोत १९६७ मध्ये प्रथम लक्षात आलेला आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा रोग विकृत प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनमुळे होतो. ही प्रथिने लाळ, मूत्र व लेंडीतून बाहेर पडतात, मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि या रोगावर उपचार नाही. बाधित हरीण वर्षभराहून अधिक काळ ठणठणीत दिसू शकते, त्यामुळे 'आमच्याकडची हरणे निरोगी आहेत' या वाक्याला काही अर्थ नाही. मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ पासून हरणांमध्ये गुरांचा क्षयरोग आढळत गेला आणि त्याच्या फैलावाशी खाद्याच्या ढिगांचा संबंध जोडला गेला. तेथील लोअर पेनिन्सुलामध्ये, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडील भूभागात, २०१९ पासून हरणांना खाद्य घालण्यास बंदी आहे. व्हर्मॉन्ट व न्यूयॉर्कमध्येही बंदी आहे, तर मिनेसोटात ती जिल्ह्यागणिक लागू होते. पोते विकत घेण्याआधी आपल्या जिल्ह्याचा नियम पाहणे एवढे तरी करावे.

'चारा कधीच नको' असे सरसकट म्हणणे

ही उलट टोकाची चूक. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडील वायोमिंग राज्यातल्या वायोमिंग रेंज या डोंगररांगेत म्यूल हरणांच्या (ही पश्चिमेकडची वेगळी जात) कळपात रेडिओ पट्टा लावलेले एकही पाडस वाचले नाही. त्याच हिवाळ्यात शेजारच्या युटा राज्याच्या वन्यजीव विभागाने रिच काउंटीत हरणांच्या पचनाला मानवतील अशा खास गोळ्यांचा चारा घातला. कोलोरॅडोत झालेल्या चाचण्यांमध्येही अशा आहाराने म्यूल हरणांची मरतूक घटल्याचे दिसले होते. तेव्हा चाऱ्याने जीव वाचतच नाहीत, हे म्हणणे खरे नाही. वाचतात; परंतु योग्य घटक, वेळेवर सुरुवात, विखुरलेल्या जागा आणि हिरवळ फुटेपर्यंत सातत्य या चारही गोष्टी जुळल्या तरच. ते परसातल्या बादलीचे काम नाही.

सरकारी चाऱ्याचीही किंमत असते. वायोमिंगमधील जॅक्सनजवळचे नॅशनल एल्क रेफ्यूज १९१२ मध्ये स्थापन झाले. गाव व कुरणे यांनी एल्कांच्या, म्हणजे एका मोठ्या जातीच्या हरणांच्या, हिवाळी जागा व्यापल्या होत्या, म्हणून त्यांना तेथे चारा घालण्यास सुरुवात झाली. आज तेथे लसूणघासाच्या गोळ्या घालतात. शतकभरानंतर ती सवय मोडणे अवघड झाले आहे, आणि दाटीने चरणाऱ्या कळपांत ब्रुसेलोसिस, म्हणजे आपल्याकडच्या पशुपालकांना ठाऊक असलेला सांसर्गिक गर्भपात, मुरला आहे. एकदा सुरू केलेले सोडता येत नाही, हा मला या वादातील सर्वांत वजनदार मुद्दा वाटतो.

मग नेमके काय तपासावे, काय करावे?

आधी झुडपांच्या डहाळ्या पाहाव्यात. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी ओढून तोडते आणि टोक फाटके, चिंध्यांसारखे राहते; सुरीने तिरका काप दिल्यासारखे टोक दिसले तर ते सशाचे काम समजावे. माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत सिडर या सूचिपर्णी झाडाची सारी पालवी एका रेषेत साफ झालेली दिसली, तर त्या रानाच्या कुवतीपेक्षा तेथे हरणे अधिक झाली आहेत. अशा जागी मक्याने तिढा सुटत नाही, कारण वाचलेली हरणे पुढच्या हिवाळ्यात तीच झाडे आणखी ओरबाडतात.

स्वतःची जमीन असेल तर हेमलॉक, सिडर व बाल्सम या सूचिपर्णी झाडांची दाट झाडी राखावी. तिच्या छतावर बर्फ अडते आणि खाली हरणांना चालता येते. रेड मेपलसारखी झाडे तोडायचीच असतील तर त्या झाडीच्या कडेने, ऐन हिवाळ्यात तोडावीत आणि शेंडे जागीच पडू द्यावेत. त्या डहाळ्या हरणांच्या पोटाला आधीच सवयीच्या असतात.

खाद्य घालणे आधीच सुरू केले असेल आणि तेथे बंदी असेल, तर ते त्याच दिवशी थांबवावे. बंदी नसेल तर राज्याच्या वन्यजीव खात्यातील जीवशास्त्रज्ञाला विचारून थांबवावे, कारण ऐन मार्चमध्ये निवाऱ्यापासून दूर ओढून आणलेला कळप वाऱ्यावर सोडणे हीदेखील नवी चूक ठरते. लाळ गाळणारे, तोल जाणारे किंवा माणसाला न बुजणारे हरीण दिसल्यास त्याच्याजवळ न जाता खात्याला कळवावे. आणि एप्रिल उजाडून बर्फ वितळेपर्यंत फिरायला नेलेले कुत्रे दोरीनेच बांधलेले असावे. त्याला खेळ वाटणारी शंभर पावलांची धाव हरणाला उरल्यासुरल्या चरबीतून फेडावी लागते.