किती नग घ्यावेत, हे सीमांत उपयोगितेवरून कसे ठरवावे

खरेदी करताना वस्तूचे एकूण मोल काढत बसू नये. आणखी एक नग मिळाल्याने समाधानात किती भर पडेल, तेवढेच पाहावे. या भरीला सीमांत उपयोगिता म्हणतात आणि इतर परिस्थिती कायम असताना ती नगागणिक घटत जाते. जर्मन अर्थतज्ज्ञ हेर्मान गोसेन यांनी १८५४ मध्ये हा नियम मांडला, तर आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये त्याची मागणीच्या सिद्धांताशी नीट सांगड घातली.

प्रथम एक कोष्टक करावे. एका बैठकीत खायचे हापूस आंबे घेतले, तर प्रत्येक आंब्यापुढे ‘यासाठी मी जास्तीत जास्त किती रुपये देईन’ याचे प्रामाणिक उत्तर लिहावे. समजा, ही उत्तरे अनुक्रमे ९०, ७०, ५०, ३० आणि १० रुपये आली आणि बाजारात आंबा ४० रुपयांना आहे. तिसऱ्या आंब्याचे मोल किमतीपेक्षा अधिक असून चौथ्याचे कमी आहे, म्हणून तीनवर थांबावे. २१० रुपयांचे समाधान १२० रुपयांत मिळाले. वरचे ९० रुपये हे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य.

आता विक्रेता म्हणतो, ‘पाच घ्या, १७० ला देतो.’ नग ३४ रुपयांना पडत असल्याने सौदा स्वस्त भासतो आणि बहुतेक जण इथेच फसतात. सरासरी बाजूला ठेवून वाढीव खर्च पाहावा : शेवटच्या दोन आंब्यांसाठी ५० रुपये जादा जातात आणि त्यांचे आपल्या लेखी मोल ४० रुपयेच आहे. संतोषाधिक्य ९० वरून ८० वर येते. सवलतींच्या पाट्या वाचताना हा हिशेब करण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मात्र कोष्टक एकाच वेळच्या उपभोगापुरते खरे असते. नग एकजिनसी हवेत, आकार वाजवी हवा आणि उपभोगात खंड नको. दोन आंबे उद्यासाठी ठेवता येत असतील, तर उद्याची भूक नवी असते, त्यामुळे त्यांचे मोल पुन्हा वाढते आणि पाचांचा सौदा परवडू शकतो. तयार, मऊ झालेल्या फळाला ही सोय नाही, साखरेला आहे. छंद म्हणून जमवलेली नाणी किंवा टपाल तिकिटे यांना तर हा नियम सरळपणे लागू पडत नाही.

अनेक वस्तू घ्यायच्या असतील, तर प्रत्येकीच्या पुढच्या नगाच्या उपयोगितेला तिच्या किमतीने भागावे आणि जिथे रुपयामागे अधिक समाधान मिळते, तिथे पुढचा रुपया खर्च करावा. सर्व वस्तूंबाबत हे गुणोत्तर जवळपास सारखे होईपर्यंत, किंवा ठरवलेली रक्कम संपेपर्यंत, असेच करत जावे.