बी कुठे आहे?

पावसाळा सरता सरता दरवर्षी एखादा तरी फोन येतोच. "बाई, सड्यावर वनस्पतीची नवीन जात मिळालीय, कुठल्या जर्नलला पाठवू?" सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी 31 वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे फोन करणारा बहुतेक माझा विद्यार्थी असतो, नाहीतर त्याचा विद्यार्थी. जर्नलचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी विचारते, बी गोळा केलंस का?

हा प्रश्न मला एका रिव्ह्यूअरने, म्हणजे जर्नलतर्फे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, शिकवला. सड्यावरचा एक गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, मला वेगळा वाटला होता. ऑगस्टात गोळा केला, चित्रं काढली, वर्णन लिहिलं, धाडून दिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. त्यात कामाची ओळ एकच: बियांचं वर्णन कुठे आहे? गेंदाच्या जाती लांबून सगळ्या सारख्याच, काडीवर पांढरं बटण लावल्यासारख्या. खरा फरक असतो तो त्या बटणातल्या इवल्याशा फुलांत आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या बीच्या सालावरच्या नक्षीत. ऑगस्टात बी पिकलेलंच नव्हतं. पुढच्या ऑक्टोबरची वाट पाहिली, बी मिळालं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातलं. आणि कळलं, ही जात कधीचीच नोंदलेली आहे. नवीन होती ती फक्त मला.

तेव्हा पहिलं काम लिहिण्याचं नाही, आपणच खोटे ठरतो का ते बघण्याचं. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ. हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे सात खंड (1872–1897) आणि कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (1901–1908) आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. गेंदासाठी अन्सारी आणि बालकृष्णन यांचं भारतातल्या एरिओकॉलेसी कुळावरचं पुस्तक हवंच. नावं 'इपनी'वर, म्हणजे वनस्पतींच्या नावांच्या ऑनलाइन यादीत, शोधा. लंडनच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, टाइप नमुन्यांचे (ज्यांच्यावर जातीचं नाव आधारलेलं असतं ते) स्कॅन घरबसल्या दिसतात, पण स्कॅनवर समाधान मानू नका. पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर. आधी पत्र लिहून परवानगी घ्या, जा, आणि जवळच्या जातींचे नमुने चिकटवलेले कागद स्वतः उलगडून बघा. दोन दिवसांत जे कळतं ते सहा महिने पीडीएफ चाळून कळत नाही.

गोळा करताना: अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी लागते. कोकणातले बरेचसे सडे खाजगी, तिथे मालकाला विचारा. झाडं पाच-पंचवीसच असतील तर एक-दोन घ्या, उरलेल्यांचे फोटो काढा. मुळासकट घ्या. फुलं थोडी 70 टक्के अल्कोहोलात ठेवा, दाबलेलं फूल नंतर उकलताना भुगा होतं. कोकणातल्या पावसात नमुने दाबायचे कागद रोज बदलावे लागतात. आमचे प्रयोगशाळेतले मामा वर्तमानपत्रावर इस्त्री फिरवायचे, लोकांचे कपडे तसेच राहायचे. फुलाचा रंग जागेवरच वहीत लिहा, वाळल्यावर तो राहत नाही. तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, जीपीएस, कातळ की माती, शेजारी काय उगवलंय, आणि स्वतःचा संग्रह क्रमांक. हा क्रमांक जन्मभर एकाच ओळीत चालू द्या. दर वर्षी एकपासून सुरू करणारे पुढे स्वतःच गोंधळतात.

नव्या नावाचा आधार म्हणून निवडलेला एक नमुना म्हणजे होलोटाइप. त्याच वेळी त्याच जागी गोळा केलेले बाकीचे नमुने आयसोटाइप. 1990 पासून होलोटाइप कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते पेपरात लिहिणं नियमाने बंधनकारक आहे. नसेल तर नाव ग्राह्यच धरत नाहीत. तो हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियमला द्या, आयसोटाइप पुणे, कोल्हापूर असे वाटा. "माझ्या कपाटात आहे" हे उत्तर मी स्वतः रिव्ह्यूअर असताना ऐकलंय. कपाटाला वाळवी लागते.

आता जर्नल. भारतातल्या सपुष्प वनस्पतींसाठी मी पहिलं नाव 'रीडिया'चं घेते. इंडियन असोसिएशन फॉर अँजिओस्पर्म टॅक्सॉनॉमी ही संस्था ते 1991 पासून काढते. नाव व्हान ऱ्हीडचं, ज्याने मलबारच्या झाडांचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात छापवून घेतले. बाहेर पाठवायचं तर न्यूझीलंडचं 'फायटोटॅक्सा' आहे. पण कुठलंही निवडा, त्याचे मागच्या वर्षभरातले पाच पेपर वाचा आणि त्यांचीच मांडणी उचला. "तीन दिवसांत स्वीकृती, फी अमुक" अशी मेल आली की डिलीट करा. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा; दोन ठिकाणी पाठवणारे सापडतात, कारण रिव्ह्यूअर मोजकेच आणि बहुतेकदा तेच.

लिहिताना वर्णन खालून वर जातं: मूळ, खोड, पान, फुलोरा, फूल, फळ, बी. प्रत्येक माप किमान दहा नमुन्यांवरून, "सुमारे" न लिहिता किती ते किती. मग डायग्नोसिस, म्हणजे जवळच्या जातीपेक्षा नेमकं काय वेगळं, दोन-तीन वाक्यांत. ही दोन-तीन वाक्यं म्हणजेच पेपर. बाकीचं त्यांना आधार म्हणून असतं. ती जमत नसतील तर जात नवी नाही असं खुशाल समजा. शेजारी तुलनेचा तक्ता द्या. 2012 पासून वर्णन किंवा डायग्नोसिस इंग्रजीतही चालतं. त्याआधी लॅटिनच लागायचं. मी माझं लॅटिन गोव्याच्या एका पाद्रीबाबांकडून तपासून आणलं होतं. त्यांनी चुका काढल्या सतरा आणि पाजला चहा.

लॅटिन गेलं तरी नावातलं लिंग उरलंच आहे. एरिओकॉलॉन नपुंसकलिंगी, म्हणून कोल्हापूरचा गेंद 'कोल्हापुरेन्से', 'कोल्हापुरेन्सिस' नव्हे. गावाचं नाव द्यायला हरकत नाही. सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिविलियानम या नावात आपलं बोरिवली बसलंय. स्वतःचं नाव देऊ नका. नियमात बंदी नाही, पण लोक हसतात. साहेबांचं द्यायचं की नाही ते तुमच्या प्रमोशनवर.

चित्रांत "10 पट" लिहू नका, स्केल बार, म्हणजे मापाची रेघ, काढा. जर्नल चित्र लहान-मोठं करतं, मग दहा पटीचं काय होणार? फोटो कितीही सुंदर आला तरी रेखाचित्र हवंच; फोटोत दव दिसतं, झाडावरचे बारीक केस दिसत नाहीत.

जागा किती नेमकी सांगायची यावर माझे सहकारी माझ्याशी भांडतात. मी तालुका आणि गाव देते, जीपीएसचे शेवटचे आकडे गाळते. कंदिलपुष्पाचे कंद उकरून नेणारे हौशी लोक पेपर वाचतात. नेमका आकडा होलोटाइपच्या लेबलवर असतो, ज्याला खरंच हवा त्याने हावड्याला विचारावं.

जर्नलचं उत्तर बहुधा "मेजर रिव्हिजन", म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करा, असं येतं. ते वाचून एक दिवस काही लिहू नका. मग रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली उत्तर लिहा: काय बदललं, कुठल्या ओळीत. पटत नसेल तर तसं सांगा, पुराव्यासकट. संपादक तक्रार वाचत नाहीत, ओळीचा क्रमांक वाचतात.

छपाईआधीचं प्रूफ आलं की इतर कुणी वाचायच्या आधी आकडे वाचा. संग्रह क्रमांक, तारीख, उंची. माझ्या एका प्रूफात 80 मीटरचे 800 झाले होते आणि आमचा सडा आंबोलीच्या वर जाऊन बसला होता. ते मामांनी पकडलं, मी नाही.